टाइल्स फोडण्याआधी गच्चीवरचे व्हॉल्व्ह बंद करून बघा

पत्र: "इंदूरला सुदामा नगरात आमचं दुमजली घर आहे. खाली हौद. त्यात दिवसाआड नर्मदेचं पाणी येतं आणि उन्हाळ्यात बोरिंगचं भरतो. गच्चीवर १००० लिटरची टंकी. शॉवरला धार येत नव्हती म्हणून दोन वर्षांपूर्वी गच्चीवर अर्ध्या एचपीचा प्रेशर पंप बसवला, त्याला २४ लिटरची लाल प्रेशर टँक आहे. वरच्या दोन बाथरूमना मिळून २५ लिटरचा एक गीझर, खाली स्वयंपाकघरात ३ लिटरचा इन्स्टंट. दिवाळीनंतर एकेक सुरू झालं. रात्री सगळे नळ बंद असताना पंप दर दहा-बारा मिनिटांनी तीन-चार सेकंद चालतो. थंड पाणी जोरात येतं, गरम बारीक. सासूबाईंच्या बाथरूममध्ये सकाळी थंड नळ उघडला की आधी कोमट पाणी येतं. स्वयंपाकघरातला गीझर भांड्यांना पुरेसं गरम पाणी देत नाही. मोठ्या गीझरच्या व्हॉल्व्हमधून ठिबकायचं, तिथे प्लंबरने प्लग लावून दिला. आता तो म्हणतो की भिंतीतला पाइप फुटलाय, टाइल्स फोडू, आणि पंप एक एचपीचा करू. काय करावं? पुढे सोलरही घ्यायचा आहे, तो याच लाइनला जोडता येईल का?"

ताई, टाइल्सचं नंतर पाहू. आधी त्या प्लगचं. गीझरच्या व्हॉल्व्हवर लावलेला प्लग निघेपर्यंत मोठा गीझर सुरू करू नका. आज अंघोळीचं पाणी गॅसवर तापवा, एखाद-दोन दिवस अडचण होईल, पण यात चालढकल नको.

गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी जो पितळी व्हॉल्व्ह असतो तो एकाच वेळी दोन कामं करतो. आत आलेलं पाणी मागे जाऊ देत नाही, आणि आतला दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की थोडं पाणी बाहेर सोडतो. पाणी तापलं की फुगतं. १५ अंशांचं २५ लिटर पाणी ६० अंशांवर नेलं तर ते साधारण ४०० मिलिलिटरने वाढतं. टाकी लोखंडी, ती फुगत नाही. मागचा रस्ता बंद, नळ बंद, मग हे ४०० मिलिलिटर त्या व्हॉल्व्हच्या छोट्या तोंडातूनच बाहेर पडणार. म्हणजे गीझर तापत असताना तिथून पेला-दोन पेले पाणी ठिबकणं हा बिघाड नव्हताच. तापमान राखणारा थर्मोस्टॅट चिकटला आणि जास्त तापल्यावर वीज तोडणारा मागचा कटआउटही चालला नाही, तर टाकी फुटण्यापासून वाचवणारी शेवटची गोष्ट तोच व्हॉल्व्ह आहे. तिथे प्लग लावणं म्हणजे कुकरची शिट्टी बांधून ठेवणं.

तुमच्या पत्रातली कोमट पाण्याची तक्रार इथेच जोडली जाते. प्लग लागल्यावर ते वाढलेलं ४०० मिलिलिटर पाणी गेलं कुठे? बहुधा एखाद्या मिक्सरमधून, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळातून, थंड पाण्याच्या लाइनमध्ये. पाऊण इंची पाइपच्या एका मीटरमध्ये पाव लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे ४०० मिलिलिटर गरम पाणी थंड पाइपात दीड मीटर आत सरकतं. सकाळी सासूबाई नळ उघडतात तेव्हा आधी तेच कोमट पाणी येतं, मग थंड. ही चुकून राहिलेली वाट कदाचित आजवर तुमच्या गीझरला वाचवत आली आहे. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा: आधी प्लग काढून व्हॉल्व्ह बदला, मगच मिक्सरची ती वाट बंद करा. उलट केलं तर फुगलेल्या पाण्याला कुठेच जागा उरणार नाही.

नवा व्हॉल्व्ह घेताना गीझरच्या प्लेटवर लिहिलेला दाब बघा. बऱ्याच साठवणीच्या गीझरवर ८ बार (बार हे दाबाचं माप) लिहिलेलं असतं, काहींवर ६.५. व्हॉल्व्हचा आकडा त्यापेक्षा जास्त नको. त्याच कंपनीचा मूळ सुटा भाग मिळाला तर उत्तम, नाहीतर सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात जुना नग सोबत घेऊन जा, कारण आटे अर्ध्या इंचाचे असले तरी लांबी वेगळी निघते. बाणाची दिशा गीझरकडे. ठिबकणाऱ्या तोंडाला पातळ नळी लावून ती उताराने नहाणीच्या जाळीपर्यंत सोडा, तिच्या टोकाला काहीही बसवू नका. नंतर गीझर बंद आणि गार असतानाही सतत ठिबकत राहिलं, तर तो बिघाड समजा. बहुतेक वेळा बैठकीवर वाळूचा कण अडकलेला असतो. गीझर गार झाल्यावर व्हॉल्व्हची छोटी दांडी तीन-चार वेळा उचलून सोडली की कण वाहून जातो.

आता पंप. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे "तीन-चार सेकंद". प्रेशर टँकमध्ये एक रबरी फुगा असतो, त्याच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. पंप दाब वाढवतो तसं पाणी आत शिरतं आणि हवा दाबली जाते, पंप थांबला की तीच हवा पाणी नळाकडे ढकलते. प्रेशर स्विच बहुधा १.४ बारला पंप सुरू करतो आणि २.८ला बंद करतो. हवा नीट भरलेली असेल तर २४ लिटरच्या टँकमधून या दोन आकड्यांच्या मध्ये साधारण ८ लिटर पाणी मिळतं. अर्ध्या एचपीचा पंप मिनिटाला २५ लिटर देतो असं धरलं, तर ते ८ लिटर भरायला त्याला १९-२० सेकंद लागायला हवेत. तुमचा पंप तीन-चार सेकंदांत थांबतो, म्हणजे टँकमध्ये लिटर-दीड लिटरच पाणी मावतंय. हवा गेलेली आहे, किंवा फुगा फाटला आहे.

याचा अर्थ दुखणी दोन आहेत. टँकने हवा सोडली हे एक. आणि कुठून तरी थोडं पाणी निसटतंय हे दुसरं. टँक ठीक असती तर तेवढ्याच गळतीने पंप तासा-सव्वातासाने एकदा लागला असता आणि तुमच्या लक्षातही आलं नसतं. गळती किती असेल? सव्वा लिटर दर १२ मिनिटांनी, म्हणजे दिवसाला दीडशे लिटर. एवढं पाणी भिंतीत मुरत असतं तर दिवाळीपासून आतापर्यंत पोपडे, काळपट डाग, खालच्या खोलीच्या छताला ओल, काहीतरी दिसलं असतं. तुम्ही ओलीचा उल्लेखच केलेला नाही. म्हणून भिंतीचा संशय सगळ्यात शेवटी ठेवा.

आधी हवा तपासा. पंपाचा एमसीबी खाली करा. टाकीतून पंपाकडे येणारा व्हॉल्व्ह बंद करा. वीज गेल्यावरही घराला पाणी मिळावं म्हणून पंपाला वळसा घालणारी एक बायपास लाइन असते, तिचाही व्हॉल्व्ह बंद करा. खालचा एखादा थंड नळ उघडून ठेवा. पंपाजवळच्या पाच तोंडांच्या पितळी कनेक्टरवर गेज असतं, त्याचा काटा शून्यावर येऊ द्या. हे न करता हवा मोजली तर आकडा पाण्याच्या दाबाचा येतो, हवेचा नाही, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

टँकच्या मागच्या टोकाला प्लॅस्टिकचं बूच असतं. ते काढलं की आत स्कूटरच्या ट्यूबला असतो तसाच व्हॉल्व्ह दिसेल. त्याची पिन नखाने दाबा. पाणी आलं तर फुगा फाटला. २४ लिटरच्या बऱ्याच टँकचा फुगा वेगळा विकत मिळतो आणि तोंडाशी असलेले बोल्ट काढून बदलता येतो, पूर्ण टँक फेकायची गरज नाही. फक्त नवा फुगा बसवताना आत गंजाच्या खपल्या राहिलेल्या नाहीत हे हात फिरवून बघा, नाहीतर तोही महिन्या-दोन महिन्यांत फाटेल. पिन दाबल्यावर हवा आली किंवा काहीच आलं नाही, तर टायरच्या गेजने मोजा आणि सायकलच्या पंपाने १.२ बारपर्यंत भरा. नियम असा की पंप ज्या दाबाला सुरू होतो त्यापेक्षा ०.२ बार कमी. तुमचा स्विच १.४लाच लागतो का, हे गेजकडे बघत एकदा खात्री करून घ्या, कारण कुणीतरी स्क्रू फिरवलेला असू शकतो. टायरच्या गेजवर बहुधा पीएसआयचे आकडे असतात, १.२ बार म्हणजे साधारण १७. व्हॉल्व्हवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर आतली पिन बदला, ती पंक्चरच्या दुकानात मिळते. पुढे दर सहा महिन्यांनी हवा तपासत जा. रबरातून हवा हळूहळू जातेच, टँक कितीही चांगली असो.

हवा भरल्यावर सगळे व्हॉल्व्ह उघडा, पंप चालू करा आणि किती सेकंदांत थांबतो ते घड्याळ लावून बघा. वीसच्या आसपास आलं की टँकचं दुखणं संपलं.

आता निसटणारं पाणी शोधायचं. हे काम रात्री, सगळे झोपल्यावर करा. पंप २.८ला थांबला की एमसीबी खाली करा आणि गच्चीवरून घरात उतरणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. आता गेजसमोर अर्धा तास थांबा.

काटा तसाच उतरत राहिला तर गळती घरात नाहीच. पाणी गच्चीवरच, परत टाकीत जातंय. कसं? बायपास लाइनवर एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, पंपाने दाबलेलं पाणी मागे टाकीत जाऊ नये म्हणून. त्याच्या बैठकीवर गाळ बसला की तो पूर्ण मिटत नाही आणि दाबाचं पाणी थेंबाथेंबाने टाकीत परततं. जमीन कोरडी, भिंत कोरडी, पाण्याचं बिलही वाढत नाही, आणि पंप मात्र रात्रभर लागत राहतो. तुमच्या लक्षणांवरून आमचा पहिला संशय याच व्हॉल्व्हवर आहे. पडताळायचं असं: पुन्हा दाब भरा, आता फक्त बायपासचा बॉल व्हॉल्व्ह बंद करा. काटा थांबला तर दोषी सापडला. तरी उतरतोय तर टाकीतून पंपाकडे येणारा व्हॉल्व्हही बंद करा. आता थांबला, तर पंपाजवळचा दुसरा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. बायपासवर बॉल व्हॉल्व्हच नसेल, तर तो बसवून घेणं हेच पहिलं काम, तो नसेल तर तिथली गळती कधीच वेगळी काढून बघता येत नाही.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आडव्या पाइपात बसवायचा की उभ्या, हे प्रकारावर ठरतं. आत झडप लोंबणारा प्रकार उभ्या पाइपात खाली वाहणाऱ्या पाण्याला बसवला तर झडप आपल्याच वजनाने उघडी राहते. गच्चीवरच्या बायपासला पाणी बहुतेक ठिकाणी वरून खालीच येतं, म्हणून तिथे स्प्रिंगचा पितळी व्हॉल्व्ह हवा. आणि दोन्ही बाजूंना युनियन लावून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी पाइप न कापता तो काढून धुता येईल.

मुख्य व्हॉल्व्ह बंद असताना काटा स्थिर राहिला, तर मात्र गळती घरात आहे. तरीही हातोडी नको. मुख्य व्हॉल्व्ह पुन्हा उघडा आणि शोध घरात सुरू करा. सर्वात आधी फ्लशच्या टाक्या. टाकीत थोडा खाण्याचा लाल रंग टाका, वीस-पंचवीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर गेलं आहे. दुसरी जागा फ्लशची फ्लोट व्हॉल्व्ह, पाणी वरच्या सांडव्याच्या नळीतून गुपचूप आत जात असतं. तिसरी जागा जेट स्प्रे: दांडा दाबून बंद केलेला असतो पण मागचा अँगल कॉक उघडा, त्यामुळे नळी सतत दाबाखाली राहते आणि कुठेतरी पाझरते. हे सगळं ठीक निघालं तर प्रत्येक बाथरूमचे अँगल कॉक एकेक करून बंद करा आणि प्रत्येक वेळी गेज बघा. ज्याच्यानंतर काटा थांबेल तिथेच गळती. सगळे अँगल कॉक बंद आणि तरी काटा उतरतोय, एवढं दिसलं तरच पाइप भिंतीत गळतोय असं म्हणता येईल. त्यातही आधी गीझरच्या आत येणारा कॉक बंद करून गरम लाइन वेगळी करा, म्हणजे फोडायचीच वेळ आली तर कुठल्या लाइनवर फोडायचं ते तरी कळेल.

बारीक येणाऱ्या गरम पाण्याला कारण बहुधा क्षार किंवा गाळ. माळव्यातलं बोरिंगचं पाणी काळ्या खडकातून येतं, ते जड असतं, आणि पाणी जितकं जास्त तापवाल तितका पांढरा थर लवकर साचतो. थंड लाइनला हा त्रास होत नाही म्हणून तिथे धार जोरात. अडथळा नेमका कुठे आहे हे बादलीने मोजता येतं. गीझरचा स्विच बंद करा, पाणी पूर्ण गार होऊ द्या. आत येणारा अँगल कॉक बंद करून बाहेर जाणारी लवचिक नळी गीझरकडून सोडवा, थोडं पाणी पडेल. त्या तोंडाखाली बादली धरा आणि कॉक पूर्ण उघडा. मिनिटात १० लिटरच्या वर पाणी आलं तर गीझर मोकळा आहे, अडथळा पुढे आहे, म्हणजे लवचिक नळीत, मिक्सरच्या कार्ट्रिजमध्ये (पाणी उघड-बंद करणारा आतला भाग) किंवा शॉवरच्या जाळीत. बारीक धार आली तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा टाकीच्या आतल्या तोंडाशी. तुम्ही व्हॉल्व्ह बदलणारच आहात, म्हणून तो काढलेला असतानाच ही परीक्षा करून घ्या, एका खेपेत दोन्ही कामं होतील.

शॉवरची जाळी आणि नळाच्या टोकाची जाळी लिंबूफुलाच्या पाण्यात बुडवा. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, अर्धा तास, मग जुन्या टूथब्रशने घासा. रात्रभर ठेवू नका, क्रोमचा मुलामा काळा पडतो. गीझरच्या टाकीत मात्र घरी काहीही ओतू नका. फरशी धुवायचं अॅसिड तर मुळीच नको, ते आतलं काचेचं अस्तर आणि तांब्याचं एलिमेंट दोन्ही खातं. मेकॅनिककडून टाकी उघडून थर काढून घ्या आणि त्याच वेळी मॅग्नेशियमची दांडी बघायला सांगा. ती स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते. पेन्सिलीएवढी बारीक राहिली असेल तर बदला. बोरिंगच्या पाण्यावर दर वर्षी हे बघावं. थर्मोस्टॅट शेवटापर्यंत फिरवून ठेवू नका, ५५ ते ६० अंश पुरे.

कोमट पाण्याची वाट शोधायला एक सोपी परीक्षा आहे, पण नवा व्हॉल्व्ह बसल्यावरच करा. गीझरचा आत येणारा कॉक बंद करा आणि वरच्या बाथरूमचा गरम नळ उघडा. पाइपातलं उरलेलं पाणी अर्ध्या मिनिटात संपायला हवं. धार तशीच चालू राहिली, तर थंड पाणी कुठल्यातरी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये शिरतंय. सर्वात जास्त सापडणारं कारण म्हणजे हँड शॉवर. दांड्यावरच्या बटणाने शॉवर बंद केला जातो आणि मिक्सरचे दोन्ही नळ उघडेच राहतात, मग आतल्या आत गरम आणि थंड एक होतं. सासूबाईंना सांगा की बंद करताना मिक्सरच बंद करायचा, दांडा नाही. तरीही पाणी येत राहिलं तर एकेका मिक्सरचे खालचे कॉक बंद करून बघा, जिथे धार थांबेल तिथलं कार्ट्रिज बदला.

आता एक एचपीचा पंप. नको. दाब कमी असणं ही तुमची तक्रारच नाही, थंड पाणी जोरात येतंय. मोठा पंप हवा गेलेल्या टँकला एका-दोन सेकंदांत भरेल, स्विचचे पॉइंट आणखी लवकर जळतील, आणि गळकी बायपास जास्त दाबाने गळेल. शिवाय धार वाढली की गरम पाणी लवकर संपतं. ढोबळ हिशेब असा: हिवाळ्यात टाकीतलं पाणी १५ अंश, गीझरचं ६०, अंघोळीला ४० हवं. मिनिटाला ६ लिटरच्या शॉवरला त्यातलं ३.३ लिटर गरम लागतं. २५ लिटरच्या गीझरमधून कामाचं गरम पाणी २० लिटर धरलं, तर सहा मिनिटं मिळतात. धार १० लिटरची केली की साडेतीन मिनिटांत संपतं, आणि २ किलोवॅटच्या एलिमेंटला पुन्हा ६० अंशांवर यायला जवळपास ४० मिनिटं लागतात. एका गीझरवर दोन बाथरूम चालवणाऱ्या घरात हे आधी बघावं.

स्वयंपाकघरातल्या इन्स्टंटची गोष्टही धारेचीच आहे. तीन लिटर संपल्यावर ३ किलोवॅटचं एलिमेंट मिनिटाला ६ लिटर पाणी फक्त ७ अंशांनी तापवतं. मिनिटाला २ लिटर केलं तर २१ अंशांनी. त्याच्या खालचा अँगल कॉक अर्ध्याहून जास्त मिटवा, भांडी घासायला तेवढी धार पुरते. तो गीझर तळमजल्यावर आहे, म्हणजे पंपाचे २.८ बार आणि सात मीटर उंचीचे आणखी ०.७, एकूण साडेतीन. त्याच्या प्लेटवरचा आकडा याहून बराच वर आहे का ते वाचा. काही स्वस्त प्लॅस्टिकचे इन्स्टंट दाबाच्या लाइनसाठी केलेलेच नसतात.

दोन गोष्टी पाइपवाल्याकडून याच खेपेला करून घ्या. टाकी आणि पंपाच्या मध्ये एक इंची वाय स्ट्रेनर, म्हणजे गाळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्हपर्यंत पोहोचणार नाही. त्याची जाळी आधी महिन्याला धुवा, किती साचतं त्यावरून पुढचं ठरवा. आणि टाकीचं बाहेरचं तोंड तळापासून दोन-तीन इंच वर आहे का ते बघा. अगदी तळाशी असेल तर नर्मदेचं पावसाळ्यातलं गढूळ पाणी आणि बोरिंगची वाळू थेट पंपात येते. गीझर आणि पंप दोघांच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हे वीजवाल्याला विचारा.

सोलर घेणार असाल तर आत्ताच लक्षात ठेवा: काचेच्या नळ्यांचे बहुतेक घरगुती सोलर दाबाच्या लाइनला जोडायचे नसतात. त्यांची टाकी पातळ स्टीलची असते आणि वर हवेची उघडी नळी असते. पंपाचं पाणी तिला दिलं तर एकतर त्या नळीतून पाणी वाहत राहील किंवा टाकीचा सांधा उसवेल. सोलरला पाणी गच्चीवरच्या टाकीतून पंपाच्या आधीच वेगळ्या लाइनने द्यायचं, टाकी त्याच्याहून उंचावर ठेवून. पण मग गरम बाजूला दाब कमी आणि थंड बाजूला पंपाचा. मिक्सर उघडला की थंड पाणी गरम लाइनमधून उलटं चढतं आणि सोलरच्या हवेच्या नळीतून गच्चीवर सांडतं. त्यावर दोनच सरळ उपाय आहेत. बाथरूमचं थंड पाणीही गुरुत्वावरच ठेवा. नाहीतर सोलरनंतर गरम लाइनला दुसरा छोटा पंप बसवा, तोही ज्याच्या प्लेटवर ८० अंशांपर्यंतचं किंवा त्याहून गरम पाणी चालतं असं लिहिलं आहे. साध्या प्रेशर पंपाचं सील गरम पाण्यावर टिकत नाही. दाबावर चालणारे सोलरही मिळतात, पण त्यांची टाकी जाड आणि किंमत जास्त. विकणाऱ्याकडून चाचणीचा दाब किती बार आहे हे बिलावर लिहून घ्या, आणि हवेच्या नळीऐवजी त्याला दाब सोडणारा व्हॉल्व्ह दिला आहे ना, हे बसवायच्या दिवशी स्वतः गच्चीवर जाऊन बघा.